रकाना सातवा

पादऱ्याच्या पुढे डांबर संपतं
आणि कंपनीचा मुरूम सुरू होतो,
तांबडा, चाळून पसरलेला,
गावात जाणाऱ्या वाटेपेक्षा चांगला.
जेसंगभाई गाडी फाटकापाशी लावतो.
हेल्मेट, बूट, वहीत सही.
येण्याचं कारण : तपासणी.
जाण्याची वेळ कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली.

मी प्रादेशिक कार्यालयाची माणूस.
माझ्याकडे बर्फाची पेटी आहे,
तपकिरी काचेच्या चार बाटल्या,
आम्लाची कुपी, आवाज मोजायचं यंत्र.
बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही,
तेल काचेला धरून बसतं;
हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं
आणि तेवढंच नीट शिकवलं होतं.

हजारिका इंजिनीअर चहा मागवतो.
त्याच्या गावाकडे, म्हणतो,
तेल आधी हत्तीच्या पायाला लागलं,
माणसांना मागाहून कळलं.
चिखलाच्या खड्ड्यात नवं प्लास्टिक अंथरलंय,
काळं, घड्यासुद्धा न मोडलेलं.
मी घड्यांची नोंद करते.
तो ते बघतो, हसतो.
वाईट माणूस नाही तो.
त्याच्याही डब्यात आज भेंडीच आहे.

वर मशाल पेटलेली.
दुपारी ज्योत दिसत नाही,
फक्त तिच्यामागची बाभूळ हलते,
वारा नसताना,
पाण्यात बुडाल्यासारखी.

मग रेवाबेनचा हातपंप.
तीनशे चाळीस पावलं. अंतर फॉर्म विचारतो,
म्हणून चालत जाते.
आम्लता, क्षार, क्लोराइड, तापमान,
सगळ्याला नळी नाहीतर सुई आहे.
सातवा रकाना वासाचा.
त्याला यंत्र नाही.
अधिकाऱ्याने हुंगावं आणि लिहावं :
नाही, सौम्य, उग्र.

एक गोष्ट मी ऑफिसात बोललेले नाही.
साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझं नाक गेलं
ते पुरतं परत आलंच नाही.
दांडिया बाजारातल्या घरी दूध करपलं
तर मला धुरावरून कळतं.
तेव्हापासून या रकान्यात मी लिहीत आलेय : नाही.
खोटं नव्हतं ते.
मला येत नव्हताच.

रेवाबेनने पेला माझ्यापुढे धरला.
‘आवे छे ने, बेन?’
मी हुंगल्यासारखं केलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
जसं आपण आंधळ्याकडे बघतो,
त्याला कळणार नाही अशा समजुतीने.
मग तिने पेला काढून घेतला
आणि सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं :
लाइट आली नव्हती तेव्हा रात्री
फानस विझवला की जो यायचा ना,
तो.
पण फानस तर माळ्यावर आहे.

मी लिहिलं : फानस.
रकाना दोन बोटांचा,
शब्द बरोबर मावला.

नऊ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला.
तेल व ग्रीस : शोधमर्यादेच्या खाली.
म्हणजे नाही, असं नाही.
म्हणजे आमची सुई जिथून मोजायला लागते
त्याच्या अलीकडे काहीतरी बसलंय,
किंवा बसलेलं नाहीये.
साहेबांनी फानसभोवती लाल गोल काढला.
खाली लिहिलं : एकक?

ते चुकीचं विचारत नव्हते.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
विश्वामित्रीवरून येणारा वारा
फायलींची टोकं उचलत होता.
नदीला वास असतो म्हणतात,
बाजूच्या टेबलावरचा खांडेपारकर
नाकाला रुमाल लावून बसतो.

मागच्या चार वर्षांचे माझे ‘नाही’
लोखंडी कपाटात आहेत,
गावांच्या नावाने लावलेले,
प्रत्येकाखाली माझी सही.
मी कपाटाची किल्ली मागितली.
किल्लीवाला रजेवर आहे.
सोमवारी येईल म्हणाले.